‘उपदेशक’ कानांनी ऐकताना: पवित्र शास्त्राच्या ऑडिओ अ‍ॅपबद्दल

दुसऱ्यांच्या पैशांचे हिशेब लिहिणं हे माझं काम. दिवसभर आकड्यांत डोळे घातल्यावर बारीक टाइपातलं वाचन नको होतं, म्हणून फोनवर पवित्र शास्त्राचं, म्हणजे बायबलचं, मराठी ऑडिओ अ‍ॅप घेतलं. इथे लिहितोय ते मुख्यतः त्यातल्या ‘उपदेशक’ या पुस्तकाबद्दल, कारण अ‍ॅपचं खरं मोल मला तिथे कळलं.

पुस्तक छोटं आहे, 12 अध्याय, 222 ओव्या. एका बैठकीत ऐकून होतं आणि ते तसंच ऐकावं. छापील प्रतीत आपण ओळखीचं वचन गाठतो आणि बाकीचं ओलांडून जातो. ऐकताना पुस्तकात बोलणारा राजा, ज्याला ‘उपदेशक’ म्हटलंय, म्हणतो ते सगळं कानावर पडतं. दुसऱ्या अध्यायात तो आपली मिळकत मोजतो: घरं बांधली, द्राक्षमळे लावले, बागा केल्या, झाडांना पाणी मिळावं म्हणून तळी खोदली, गुरंढोरं, सोनंरुपं, गाणारे आणि गाणाऱ्या. वाचणाऱ्याने इथे अजिबात घाई केलेली नाही. ताळेबंदातली मालमत्तेची बाजू कुणी मोठ्याने वाचून दाखवावी, तशी एकेक बाब सुटी येते. मग 11व्या ओवीला आवाज खाली येतो: हे सगळं न्याहाळलं, हाती काही लागलं नाही. मी तिथे थांबवून तेवढाच भाग पुन्हा लावला.

शहाणपणाचीही तीच गत. उजेड जसा अंधारापेक्षा बरा तसं शहाणपण मूर्खपणापेक्षा बरं, हे उपदेशक मान्य करतो. पण शहाणाही मरतो आणि विसरला जातो. नवव्या अध्यायातला गरीब शहाणा माणूस अख्खं नगर वाचवतो, त्याची आठवण कुणी ठेवत नाही. मला सगळ्यांत जास्त लागला तो चौथ्या अध्यायातला एकटा माणूस. ना मुलगा, ना भाऊ, तरी राबणं थांबत नाही, आणि हे कुणासाठी, असं तो स्वतःला विचारतही नाही. कामात अशी माणसं भेटतात. कागदपत्रं चोख असतात, वारसाचं नाव लिहायच्या रकान्यापाशी पेन अडतं.

सलग ऐकल्यामुळे आणखी एक गोष्ट ध्यानात आली. देव या पुस्तकात शेवटी जोडलेला नाही. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या अध्यायात तो देणारा म्हणून पुन्हा पुन्हा येतो: खाणं, पिणं, कष्टात सुख मिळणं, हे सगळं त्याच्या हातचं देणं. माणसाच्या मनात अनंतकाळ त्यानेच घातला आहे, मग ते मन पैशाने किंवा विद्येने कसं भरेल? म्हणून बाराव्या अध्यायात देवाचं भय धर, त्याच्या आज्ञा पाळ, हे येतं तेव्हा ते उपरं वाटत नाही. माझं काम तेच आहे. पण जगायचं कशासाठी, याचं उत्तर मी आता कामाकडे मागत नाही, ते देवाकडे आहे. सकाळी आधी प्रार्थना, मग वह्या.

आता अ‍ॅपच्या उणिवा. पार्श्वसंगीत काही ठिकाणी शब्दांवर चढतं, विशेषतः बाराव्या अध्यायात म्हातारपणाचं वर्णन येतं तिथे, आणि ते बंद करायची सोय नाही. झोपताना आपोआप थांबण्यासाठी मिनिटं ठरवता येतात, ‘हा अध्याय संपल्यावर’ असं ठरवता येत नाही. त्यामुळे वाक्य मध्येच तुटतं. वेग वाढवायची सोय आहे, पण हे पुस्तक भरभर ऐकू नये.

सर्वांत खटकतं ते हे, की प्रत्येक गुप्त गोष्टीचा देव न्याय करील हे शेवटचं वाक्य संपतं न संपतं तोच ‘गीतरत्न’ सुरू होतं. सेटिंगमध्ये जाऊन ‘पुढचं पुस्तक आपोआप’ आधीच बंद करून ठेवा. बनवणाऱ्यांनी तिथे थोडा विराम ठेवावा, एवढी विनंती मी त्यांना लिहून पाठवली आहे.