शिफॉन-जॉर्जेटसाठी मायक्रोटेक्स सुई : वर्षभराच्या वापरानंतर

जॉर्जेट शिवताना टीप आवळून चुण्या पडू लागल्या की आपण सवयीने आधी दोऱ्याचा ताण बदलतो, मग बॉबिन केसचा स्क्रू सैल करून पाहतो आणि शेवटी यंत्रालाच दोष देतो. सुई मात्र मागच्या दिवाळीत बसवलेली असते, ती तशीच राहते. मीही बरीच वर्षे हेच करत आले. गेल्या वर्षी भाचीच्या साखरपुड्यासाठी मंगलदास मार्केटमधून आणलेल्या जॉर्जेटचा कळ्यांचा अनारकली शिवायला घेतला आणि पहिल्याच कळीला टिपेच्या दोन्ही बाजूंना धागे ओढले गेलेले दिसले. टीप उसवली तरी त्या खुणा गेल्या नाहीत. त्यानंतर मी श्मेट्झ या जर्मन कंपनीच्या मायक्रोटेक्स सुयांची दोन पाकिटे मागवली, एक 60 नंबरचे आणि एक 70 नंबरचे.

या नंबरांविषयी थोडे सांगायला हवे, कारण आपल्याकडे दुकानात चौदा किंवा सोळा नंबरची सुई मागण्याची पद्धत आहे. पाकिटावर 70/10 असे दोन आकडे असतात. त्यांतला पहिला आकडा सुईच्या दांड्याची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत सांगतो, म्हणजे 70 नंबरची सुई 0.70 मिलिमीटर जाडीची असते. दुसरा आकडा आपल्या ओळखीचा जुना नंबर. त्या हिशेबाने चौदा नंबरची सुई 90 ची आणि सोळाची 100 ची होते. सुती परकराला चालणारी ही जाडी शिफॉनला फारच जास्त आहे.

जाडीइतकाच महत्त्वाचा फरक टोकाचा आहे. नेहमीच्या युनिव्हर्सल सुईचे टोक किंचित गोलसर असते, त्यामुळे मागावर विणलेले कापड आणि ताणणारी होजिअरी या दोन्हींवर ती कशीबशी निभावते. मायक्रोटेक्सचे टोक निमुळते आणि खरोखर टोकदार असते. शिफॉन आणि जॉर्जेट यांचे धागे भरपूर पीळ दिलेले असतात; गोलसर टोक त्यांना बाजूला ढकलत जाते, टाके किंचित डावी-उजवीकडे पडतात आणि कापड आक्रसते. टोकदार सुई धाग्यांना न ढकलता आरपार जाते. खात्री करून घेण्यासाठी मी त्याच जॉर्जेटच्या एका चिंधीवर, तोच दोरा आणि तोच ताण ठेवून, जुन्या चौदा नंबरच्या सुईने एक आणि 70 च्या मायक्रोटेक्सने एक अशा दोन टिपा शेजारीशेजारी घातल्या. दुसरी टीप इस्त्री न करताही सपाट पडली होती. पहिलीला इस्त्री करूनही उपयोग झाला नाही.

वर्षभरात या सुयांनी अनारकली, दोन साटीनचे ब्लाउज, एक ऑर्गेन्झाची ओढणी आणि एका माहेश्वरी साडीचा फॉल इतके काम केले. शिफॉनला 60, तर जॉर्जेट, क्रेप आणि साटीन यांना 70 हे माझे गणित आता पक्के झाले आहे. साटीनवर तर फरक सर्वांत ठळक दिसतो, कारण त्या चकचकीत पृष्ठभागावर ओढला गेलेला एकही धागा लपत नाही.

मर्यादाही आहेत, पण त्या कोणत्याही बारीक सुईच्या आहेत. नेढे इतके लहान असते की संध्याकाळी दिव्याखाली दोरा ओवणे हे चष्म्यासह परीक्षा देण्यासारखे आहे. 60 नंबरला जाडसर दोरा चालतच नाही. बारीक पॉलिएस्टर किंवा रेशमी दोराच घ्यावा लागतो. अस्तर, जाड काठ आणि दुमड असे चार-पाच थर एकत्र आले की ती वाकते, म्हणून काठावरून जाताना मी चाक हाताने फिरवते. लायक्रा किंवा होजिअरीवर ती अजिबात वापरू नये. तिथे गोल टोकाची बॉलपॉइंट सुईच हवी. टाचणीवरून गेली तर टोक बोथट होते, आणि बोथट झालेली ही सुई चौदा नंबरपेक्षाही वाईट काम करते. सात-आठ तासांच्या शिलाईनंतर ती बदलावी, हा सर्वसाधारण नियम नाजूक कापडासाठी मी काटेकोरपणे पाळते.

मात्र सुई बदलली म्हणजे सगळे झाले, असे नाही. झिगझॅग यंत्राच्या पट्टीतले सुईचे भोक, सुईला बाजूला हलता यावे म्हणून, चांगले पाच ते सात मिलिमीटर रुंद असते आणि टिपेच्या सुरुवातीला शिफॉनचे टोक त्यातून सरळ खाली ओढले जाते. सरळ टीप घालणाऱ्या आजीच्या काळ्या यंत्राचे भोक लहान आणि गोल असते, त्यामुळे या एका बाबतीत ते जुने धूड माझ्या नव्या यंत्रापेक्षा सरस ठरते. नव्या यंत्राला सरळ टिपेची वेगळी पट्टी मिळत असेल तर ती जरूर घ्यावी. नसेल तर सुरुवात चिंधीवर करावी, दोन्ही दोऱ्यांची टोके मागे धरून ठेवावीत आणि कापडाखाली पतंगाचा पातळ कागद ठेवावा. कागद पांढराच घ्यावा, कारण रंगीत कागदाचा रंग ओलाव्याने उतरतो. टीप झाल्यावर तो अलगद फाटून निघतो. टाका दोन मिलिमीटरच्या आसपास ठेवावा.

दोन थर एकमेकांवरून सरकण्याचा त्रास मात्र कोणतीही सुई थांबवू शकत नाही. यंत्राचे खालचे दाते खालचा थर पुढे नेतात आणि वरचा थर कापड दाबून धरणाऱ्या फूटखाली अडकून मागे राहतो, हे त्याचे कारण आहे. तिथे हाताने घातलेला धावदोरा किंवा वरचा थरही सोबत पुढे नेणारा वॉकिंग फूट यांनाच शरण जावे लागते. मी धावदोराच घालते. वेळ लागतो, पण उरेब, म्हणजे तिरक्या, कापलेल्या कळ्या त्यानेच वठणीवर येतात.

घेताना एवढे पाहावे. या सुया घरगुती यंत्रांच्या, एका बाजूने चपट्या दांड्याच्या आहेत. शिंप्याच्या दुकानातील गोल दांड्याची सुई लागणाऱ्या औद्योगिक यंत्राला त्या बसत नाहीत. सुईवर रंगाच्या दोन पट्ट्या असतात, वरची जांभळी पट्टी मायक्रोटेक्सची खूण आहे आणि खालची नंबराची, म्हणजे 70 साठी हिरवी. एका दुकानाने मला ‘तीच आहे’ म्हणून कागदात गुंडाळलेल्या सुट्या सुया दिल्या होत्या, त्यांवर ना रंग होता ना आकडा, आणि दुसऱ्याच टिपेला साटीनचा धागा ओढला गेला. पाकीट पाच सुयांचे येते. पहिल्यांदा घेणाऱ्याने 70 चे घ्यावे. 60 चे पाकीट शिफॉन हातात आल्यावरच मागवावे.