लग्न की लिव्ह-इन? आमचं कानबाईला ठरलं

पुण्यात तीन वर्षं मी आणि माझी बायको लग्नाशिवाय एकत्र राहिलो. आता लग्नालाही चार वर्षं होतील. दोन्ही करून झालंय, म्हणून जळगावकडची पोरं हल्ली मलाच विचारतात, "भाऊ, काय करू?" मी वकील नाही. जे भोगलं ते सांगतो.

लिव्ह-इनची बाजू लोक उगाच हलकी करतात, म्हणून आधी तीच. दोन सज्ञान माणसं लग्नाशिवाय एकत्र राहिली तर तो गुन्हा नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगून ठेवलंय. आणि आपल्याकडचं लग्न काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. कापसाचे पैसे हातात यायच्या आधीच मांडवात गेलेले, हजार पानांची वरण-बट्टी, आणि एवढं करून टोपी-टॉवेलवरून रुसलेले कुणाचे तरी मामा. एकत्र राहताना यातलं काही नाही. भाडं अर्धं-अर्धं, भांडी आळीपाळीने. नाहीच जमलं तर बॅग भरायची. लग्नात दोघं राजी असली तरी घटस्फोटाच्या अर्जाआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं, अर्जानंतर साधारण सहा महिने; हे सहा महिने न्यायालय माफ करू शकतं, पण मागावं लागतं. ती बॅग भरेल या धाकाने मी तेव्हा जिभेला आवर घालायचो. आता तेवढा घालत नाही, अशी तिची तक्रार आहे.

मग लग्न का केलं? कानबाईमुळे.

आमच्याकडे खानदेशात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी बसते. लिव्ह-इनची तिन्ही वर्षं मी बायकोला, म्हणजे तेव्हाच्या मैत्रिणीला, त्यासाठी घरी नेलं. घरच्यांनी विरोध केला असता तर परवडलं असतं. त्यांनी पाहुणचार केला. ओट्यावर कुणी ना कुणी आमच्या अहिराणीत विचारायचंच, "हाई कोन शे?" म्हणजे ही कोण आहे? माझं तोंड उघडायच्या आत मोठी माय सांगून टाकायची, "पुन्यानी पाव्हनी शे." कानबाईच्या नैवेद्याचे रोट भाऊबंदांतच खायचे असतात. आमच्या घरात तर सासरी गेलेल्या बहिणींनाही ते चालत नाहीत. त्यामुळे तिच्या पानात पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, वरून दोनदा तूप, आणि रोट नाही. जेवून तिने ताट उचललं की मोठी माय ते हातातून काढून घ्यायची. पहिल्या वर्षी आम्हाला याचं कौतुक वाटलं. तिसऱ्या वर्षी परतीच्या गाडीत ती चाळीसगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "रोट नको रे मला. ताट तरी उचलू द्या."

आता यात कायदा कुठे आला? आला, आणि गंमतच आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा 'लग्नासारख्या नात्यातल्या' बाईलाही संरक्षण देतो. पण लग्नासारखं म्हणजे कसं, याच्या अटी न्यायालयाने घातल्या आहेत. लग्नाचं वय हवं, लग्नाला दुसरी आडकाठी नको, स्वखुशीने बराच काळ एकत्र राहिलेलं हवं, आणि समाजापुढे नवरा-बायकोसारखं वावरलेलं हवं. नेमकं हेच तर आपण लपवतो! मी पुण्याच्या घरमालकाला ती माझी मामेबहीण म्हणून सांगितलं होतं. (आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लागतं, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसावं.) म्हणजे लग्न टाळून 'हाई कोन शे' चुकवायला गेलो, तर उद्या वेळ आल्यावर तिने कोर्टात तेच सिद्ध करायचं.

कुणी म्हणेल, सातपुड्यात हे पूर्वीपासून चालतंच की. धडगाव-अक्कलकुव्याकडे भिल्ल-पावरा समाजात पोरगा-पोरगी आधी घर मांडतात, लग्नाचा खर्च जमेल तेव्हा लग्न, कधी पोरंबाळं झाल्यावरसुद्धा. खरं आहे. पण तिथे पंच बसतात, देज (मुलीच्या घरच्यांना द्यायची रक्कम) ठरतं, आणि ती कोण हे सगळ्या पाड्याला ठाऊक असतं. कोथरूडच्या वन-बीएचकेमध्ये आमचे पंच कोण होते? वॉचमन.

बाकीचे मुद्दे तुम्हाला माहीतच असतील, भरभर सांगतो. इच्छापत्र न करता माणूस गेला तर हिंदू वारसा कायद्यात बायको पहिल्या वर्गाची वारस असते. सोबत राहणारीचं नाव त्या यादीतच नाही. इच्छापत्र करता येतं, पण तिशीत कोण करतो? जोडप्याने मूल दत्तक घ्यायचं तर किमान दोन वर्षांचा संसार लागतो, आणि तोही लग्नाचा.

लग्न करणारच असाल तर एवढं ऐका. 1954 च्या विशेष विवाह कायद्याने केलं तर तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते. छोट्या गावात ती वाचून तुमच्या घरी पोचवणारा उत्साही माणूस निघतोच. आमच्या जाती वेगळ्या, पण दोघंही हिंदू. त्यामुळे चाळीस माणसांत सात फेरे घेतले आणि 1955 च्या कायद्याखाली नोंदणी केली. फेरे गाळून नुसता दाखला काढू नका. विधी नसेल तर नोंदणीने हिंदू विवाह होत नाही, हे 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलंय. टोपी-टॉवेलवाले मामा चाळिसांतही होतेच.

तुमचं घर वेगळं असेल. घरच्यांशी फारसं येणं-जाणं नसेल, दोघांची कमाई स्वतंत्र असेल, तर लिव्ह-इनला मी नाव ठेवणार नाही. ती तीन वर्षं वाईट नव्हती.

लग्नानंतरच्या पहिल्या कानबाईला मोठ्या मायने पहाटे चार वाजता दार वाजवलं आणि हाक मारली ती तिला, मला नाही. रोटाचं पीठ मळायचं होतं. दुपारी पंगत उठल्यावर घरातली सगळी ताटं मागच्या दारी तिच्यासमोर आली. राखेचे हात तसेच वर करून ती मला म्हणाली, "पाव्हनी व्हती तेच बरं व्हतं." अहिराणीत म्हणाली.