कार्मिन्यानोच्या सहा बाटल्या, आठ महिने

गेल्या ऑक्टोबरात ‘विल्ला दी कापेत्साना’ या कार्मिन्यानो रेड वाइनच्या सहा बाटल्या एकदम घेतल्या. फ्लॉरेन्समध्ये राहणाऱ्याला किआंती ही इथली नेहमीची रेड वाइन कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळते, मग जास्त पैसे देऊन ही का, असं घरच्यांनी विचारलं होतं. पाच बाटल्या संपल्यावर आता उत्तर देता येईल.

कार्मिन्यानो हे फ्लॉरेन्सच्या पश्चिमेचं, प्रातो जिल्ह्यातलं डोंगरउतारावरचं छोटं गाव. कापेत्साना ही तिथली वाइन-इस्टेट. त्या जागी द्राक्ष आणि ऑलिव्ह पिकत असल्याचा उल्लेख इ.स. ८०४ च्या एका दस्तऐवजात आहे. १७१६ मध्ये फ्लॉरेन्सभोवतीच्या तस्कनी प्रांताचा तेव्हाचा शासक कोझिमो तिसरा दे मेदिची याने वाइनच्या चार प्रदेशांच्या हद्दी ठरवून दिल्या, त्यातला एक कार्मिन्यानो. तरीही १९३२ मध्ये हा भाग किआंती वाइनच्या हद्दीत घातला गेला आणि गावाचं नाव बाटलीवरून गेलं. ते १९७५ मध्ये परत मिळालं, त्यात या इस्टेटीच्या उगो कोंतिनी बोनाकोस्सींचा मोठा वाटा होता. मला या माणसाबद्दल फार आदर वाटतो.

वाइन मुख्यतः सांजोवेझे या इथल्या द्राक्षाची, जोडीला काबेर्ने हे मूळ फ्रेंच द्राक्ष. तस्कनीत काबेर्ने म्हटलं की हल्लीची फॅशन आठवते, पण इथे ते द्राक्ष जुनंच आहे. गावात त्याला ‘उवा फ्रांचेस्का’, म्हणजे फ्रेंच द्राक्ष, म्हणतात.

पहिली बाटली आणली त्याच संध्याकाळी उघडली, नुसतीच प्यायलो. तुरट लागली, कोऱ्या चहासारखी जीभ ओढणारी. निम्मी उरली, बूच लावून फ्रिजमध्ये ठेवली. दुसऱ्या दिवशी तासभर आधी बाहेर काढली आणि तीच वाइन ओळखू येईना! आंबट चेरी, वाळलेली पानं, मागे थोडी चामड्याची झाक. तुरटपणा होता, पण आता तो घासाला धरून होता. तेव्हापासून दोन-तीन तास आधी जगमध्ये ओतून ठेवतो.

तिसरी बाटली माझ्याच चुकीने वाया गेली. जानेवारीत ती हीटरशेजारच्या कपाटात राहिली आणि उघडली तेव्हा शिजवलेल्या जॅमसारखा वास आला. बाटल्या थंड, अंधाऱ्या जागी आडव्या ठेवा.

जेवणाचं म्हणाल, तर तांबड्या रश्श्याबरोबर घेऊ नका. तिखटाने तुरटपणा कडू होतो आणि अल्कोहोल घशात जळतं. बिस्तेक्काबरोबर, म्हणजे इथल्या जाड बीफ स्टेकबरोबर, छान लागते हे इथे कोणीही सांगेल. कार्मिन्यानोचे सुके अंजीर आणि प्रातोची मोर्तादेल्ला (डुकराच्या मांसाचं सॉसेज) एकत्र खाऊन वर घोट घ्या, तेही सुंदर. पण मला सगळ्यात आवडली ती वालाच्या बिरड्याबरोबर. आईने पाठवलेले कडवे वाल, ओलं खोबरं, मिरची अगदी बेताची. तस्कनीच्या लोकांना बाकीचे इटालियन ‘घेवडा खाणारे’ म्हणून चिडवतात. त्यांच्या वाइनला आपले वाल रुचले याचा मला मनापासून आनंद झाला. वालाचा किंचित कडवटपणा आणि खोबऱ्याचा स्निग्धपणा, दोन्ही ती सांभाळून घेते.

जेवणाशिवाय, नुसत्या गप्पा मारत प्यायला मऊ, गोडसर रेड हवी असेल, तर ही घेऊ नका. रोजच्या जेवणालाही ही महागच.

सहावी बाटली पलंगाखाली आडवी ठेवली आहे. नोव्हेंबरात इथे नवं ऑलिव्ह तेल येतं. भाजलेल्या पावावर ते ओतून, वालांच्या ताटाशेजारी ती उघडायची आहे.