बेळगावात क्लाउनफिशची पैदास: वर्षभर वापरलेल्या सेटअपचा अनुभव

खाऱ्या पाण्याची टाकी लावावी का, आणि लावलीच तर पिल्लांपर्यंत मजल जाते का, असं टिळकवाडी-शहापूर भागातले बरेच जण विचारतात. दर वेळी तेच तेच सांगण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून ठेवतो. वर्ष उलटून गेलंय, सगळे ऋतू या टाकीवरून गेलेत, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

निकाल आधीच सांगतो. क्लाउनफिश, म्हणजे पांढऱ्या पट्ट्यांचा तो नारंगी समुद्री मासा, जगवणं जमतं. जोडी जमली की अंडीही घालते, त्यात आपलं फारसं कर्तृत्व नसतं. खरं काम त्यापुढं आहे आणि ते माशांचं नाहीच; ते रोटिफर नावाच्या, डोळ्यांना धड न दिसणाऱ्या किड्याचं आहे, कारण पिल्लांचं पहिलं खाणं तेच. रोज सकाळ-संध्याकाळ त्याची उस्तवार करायची तयारी नसेल तर जोडी पाळा, शोभा बघा, पिल्लांच्या फंदात पडू नका.

सेटअप असा: जोडीसाठी २ फूट बाय दीड बाय दीडची काचेची टाकी, पिल्लांसाठी फूटभर चौरस अशा दोन टाक्या, रोटिफरच्या दोन बादल्या आणि शैवालाच्या बाटल्यांची एक फळी. टाक्या इथल्याच काचवाल्याकडून सिलिकॉननं जोडून घेतल्या, एक थेंबही गळलेला नाही. स्टँड उद्यमबागमध्ये वेल्डिंग करून घेतला. तिथं बारीकसारीक फॅब्रिकेशनची कामं झटपट होतात, पण खाऱ्या पाण्याचा स्टँड हे प्रकरण वेगळं. साधा ऑइल पेंट मारलेल्या स्टँडला पावसाळ्याच्या आतच सांध्यांवर गंज धरला. पावडर कोटिंग करून घ्या आणि वर प्लायऐवजी डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकूड-प्लास्टिकची मिश्र फळी टाका. हवेच्या बुडबुड्यांनी उडणारं मीठ सगळीकडं बसतं. एक्स्टेन्शन बोर्ड टाकीच्या वरच्या उंचीला, लांब भिंतीवर लावा आणि वायरीला खाली झोल ठेवा, म्हणजे ओघळलेलं पाणी प्लगपर्यंत जात नाही.

पाण्याबद्दल इथं दोन गैरसमज जोरात आहेत. पहिला, "घरात आरओ आहे की, तेच वापरा." स्वयंपाकघरातल्या बहुतेक आरओत चवीसाठी थोडं कच्चं पाणी परत मिसळणारा व्हॉल्व्ह किंवा खनिजांचा कार्ट्रिज असतो. तो बंद केल्याशिवाय किंवा काढल्याशिवाय ते पाणी टाकीच्या कामाचं नाही. पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा टीडीएस मीटर घ्या, दोन-तीनशेत मिळतो आणि वाद मिटतो. दुसरा गैरसमज गोव्याचा. "चोर्ला घाटातून गेलं की समुद्र, पाच-सहा कॅन भरून आणा की!" उन्हाळ्यात, खाडीपासून लांब, स्वच्छ किनाऱ्यावर भरलं तर एखाद वेळेस चालेल. पावसाळ्यात मांडवी-झुआरीच्या मुखाजवळचं पाणी नदीच्या पाण्यानं पातळ झालेलं असतं, खारेपणा पुरत नाही, आणि बोटींचं डिझेल वेगळं. मी सरळ सिंथेटिक मीठ वापरतो. लिटरला ३५ ते ३८ ग्रॅमच्या आसपास लागतं. नेमकं प्रमाण मिठाच्या जातीवर असतं, म्हणून वजनावर भरवसा न ठेवता रिफ्रॅक्टोमीटरवर, म्हणजे खारेपणा मोजायच्या दुर्बिणीसारख्या नळीवर, घनता १.०२५ आणायची. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्यावर जुळवू नका, ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) तयार द्रावणावर जुळवा. काट्याचा प्लास्टिक हायड्रोमीटर घेऊ नका, काट्याला एक बुडबुडा चिकटला की आकडा खोटा.

तापमान हा बेळगावचा खास विषय. पुण्या-मुंबईचे लोक लिहितात, "हीटरची गरजच नाही." इथं डिसेंबर-जानेवारीच्या रात्री बाहेर पारा पंधराच्या खाली येतो आणि जुन्या कौलारू घरात आतही फार ऊब नसते. एक मोठा हीटर घेण्यापेक्षा शंभर-शंभर वॉटचे दोन घ्या. एक बंद पडला तर दुसरा रात्र काढून देतो, आणि एकाचा थर्मोस्टॅट अडकला तरी पाणी उकळत नाही. पाणी २७-२८ अंशांवर ठेवतो. एप्रिलात उलट तऱ्हा: टाकीवर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. पाणी उडून जातं, मीठ राहतं, त्यामुळे वरून भर घालायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याचीच.

आणि वीज. मृगापासून गणपतीपर्यंत तारांवर फांदी पडायची वाटच बघत बसायचं. मोठ्या टाकीला तासा-दोन तासांनी काही होत नाही, पण पिल्लांच्या टाकीत हवा बंद म्हणजे खेळ संपला. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर एअर पंप गुरगुरतो आणि तापतो, साइन वेव्हचाच घ्या. हीटर इन्व्हर्टरवर टाकू नका, बॅटरी बसते. वीज जाताच आपोआप सुरू होणारा बॅटरीवरचा एअर पंप हा या सगळ्या खरेदीतला सर्वांत वसूल झालेला माल.

आता मासे. मी क्लाउनफिशमधली ओसेलारिस ही जात घेतली, टाकीत जन्मलेली. समुद्रातून पकडलेले थोडे स्वस्त पडतात, पण ब्रूक्लिनेला नावाचा परजीवी बहुधा त्यांच्याबरोबरच येतो: अंगावर पांढरट बुळबुळीत थर, धापा, आणि दोन-चार दिवसांत मासा उलटा. देशात या माशांची पैदास आता नवी राहिलेली नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनं विळिंजम आणि मंडपम इथं हे काम कधीच उभं केलंय, नवी मुंबईत ऐरोलीलाही हॅचरी आहे. तेव्हा विक्रेत्याला "हॅचरीचे का समुद्रातले?" हे विचाराच. समुद्रात हे मासे ज्याच्या आसऱ्यानं राहतात ते समुद्रफूल, म्हणजे ॲनिमोन, नसलं तरी त्यांचं काही अडत नाही. कोणी खरे प्रवाळ किंवा प्रवाळाचे जिवंत दगड विकायला काढले तर हात जोडा: प्रवाळ आपल्याकडं वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीला. मी सिरॅमिकचे तुकडे आणि कुंडीची खापरं वापरतो.

नर-मादी निवडत बसू नका. सुरुवातीला एकही पिल्लू मादी नसतं. दोन लहान एकत्र सोडले की जो दांडगा ठरतो तो वाढून मादी होतो, दुसरा नर राहतो. मादी मेली तर नराचीच पुढं मादी होते. सुरुवातीचे काही आठवडे दांडगी दुसऱ्याला हुसकावते आणि तो अंग थरथरवून शरण जातो. हे बघून घाबरून त्यांना वेगळं करू नका, जोडी जमतानाची ती रीतच आहे. पंख फाटून चिंध्या व्हायला लागल्या तरच मध्ये पडा.

खाणं घरचं: कॅम्पातल्या मासळी बाजारातून कोळंबी आणि माकूळ आणतो, सोलून बारीक वाटतो, झिप पिशवीत चपटं थापून फ्रीझरमध्ये. श्रावण लागला की मात्र आमच्या फ्रीझरमधून कोळंबीची हकालपट्टी होते आणि ती पिशवी थेट गणपती जाईपर्यंत गल्लीतल्या एका मित्राच्या घरी मुक्कामाला. आईचं म्हणणं, "तुझ्या माशांना नसेल श्रावण, पण फ्रीजला आहे." तेवढे दिवस मासे तयार गोळ्यांवर काढतात, त्या दिवसांत अंड्यांची संख्या थोडी घटते असं मला वाटतं, पण ते मोजून बघितलेलं नाही.

अंडी घालण्याआधी नर एक जागा निवडून तोंडानं घासून घासून लख्ख करतो. मी टाकीत खापर तिरकं टेकवून ठेवलं होतं, त्याच्यावरच मादीनं ओळीनं अंडी चिकटवली. भगवा रंग, एकेक अंडं उभं, देठानं चिकटलेलं. नर दिवसभर पंखांनी वारा घालतो, मेलेली अंडी उचलून खातो. पहिल्या एक-दोन खेपा आई-बापच फस्त करतात, मनाला लावून घेऊ नका. पुढं साधारण दोन आठवड्यांनी एकेक खेप पडतच राहते. अंडी हळूहळू काळपट होतात आणि शेवटी प्रत्येक अंड्यात दोन चंदेरी डोळे चमकायला लागतात. मोबाइलचा टॉर्च तिरका धरला की ते सगळे एकदम तुमच्याकडं बघतात. २७-२८ अंशांना सातव्या-आठव्या रात्री, दिवे बंद झाल्यावर तास-दोन तासांत अंडी फुटतात.

त्या संध्याकाळी खापर उचलून त्याच पाण्यानं भरलेल्या पिल्लांच्या टाकीत न्यायचं, पाण्याबाहेर क्षणभरच. खापराखाली एअर स्टोन (बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र दगड) असा ठेवायचा की बुडबुडे अंड्यांच्या शेजारून जातील आणि अंडी हलत राहतील. नराचं काम आता त्या एअर स्टोनचं. टाकीला चारही बाजूंनी काळा कागद. हे शोभेसाठी नाही. पिल्लं उजेडाकडं धावतात, काचेत चमक दिसली की तिथंच डोकं आपटत राहतात. वरून मंद उजेड पुरे. सकाळी बघाल तर तीन-चार मिलिमीटरचे, पारदर्शक, नुसते डोळे आणि पोट. त्यांना चोवीस तास समोर अन्न तरंगत हवं, कारण ती अन्नाचा पाठलाग करत नाहीत. तोंडासमोर आलं तरच टिपतात.

इथं रोटिफर. दर मिलिलिटरला दहाच्या आसपास रोटिफर राहतील इतका माल पहिले आठ-दहा दिवस पुरवायचा. बादलीत शैवालाचं हिरवं पाणी, सौम्य हवा, आणि रोज चौथा हिस्सा काढून ५३ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळून पिल्लांना. काढलेल्याच्या जागी नवं खारं पाणी आणि शैवाल. विरजणासारखं आहे ते: रोज काढायचं, रोज मागं ठेवायचं, आणि एक दिवस सगळं काढून टाकलं की परत शेजारी मागायला जायची पाळी. म्हणूनच दोन बादल्या, दोन वेगळ्या खोल्यांत. बादली मरते तेव्हा आधी वास बदलतो, मग वर फेस धरतो. मायक्रोस्कोप नसेल तर काचेच्या पेल्यात घेऊन टॉर्चपुढं धरा, पांढरे ठिपके गरगरताना दिसले पाहिजेत.

शैवाल म्हणजे नॅनोक्लोरॉप्सिस. पेट प्लास्टिकच्या बाटल्या, एलईडी पट्टी, एफ-टू नावाचं शैवालाचं खत, हवा. आठवड्याभरात गडद हिरवं होतं. इथला शत्रू एकच: रोटिफर. एक थेंब जरी शैवालाच्या बाटलीत गेला तर हिरवीगार बाटली एक-दोन दिवसांत पांढुरकी. हवेच्या नळ्या, मापं, टॉवेल, सगळं वेगळं. आधी शैवालाचं काम करायचं, मग रोटिफरचं, उलट कधीच नाही. यीस्टवर रोटिफर वाढतात, पण पाणी नासवतात आणि पिल्लांना त्यातून पुरेसं पोषण मिळत नाही. यीस्टच्या नादी लागू नका.

पिल्लांच्या टाकीत फिल्टर नसतो, ओढून घेईल. म्हणून घाणीतला विषारी अमोनिया साठतो. रोज एअर लाइनच्या नळीनं तळ चोखायचा, आणि काढलं तेवढं पाणी थेंब-थेंब सोडायचं. टेस्ट किट जवळ ठेवाच. खाऱ्या पाण्याचा पीएच आठच्या वर असल्यानं तेवढाच अमोनिया इथं गोड्या पाण्यापेक्षा जास्त घातक ठरतो.

आठवड्याभरानंतर आर्टेमिया, म्हणजे रोटिफरपेक्षा मोठा, कोळंबीसारखा बारीक खाऱ्या पाण्यातला जीव, हळूहळू मिसळायचा. त्याची अंडी हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवतो. एका ऑनलाइन दुकानानं नव्वद टक्के फुटतील म्हणून पाठवलेल्या डब्यातली निम्मीसुद्धा फुटली नाहीत आणि तक्रारीला उत्तर आलं, "तुमचं पाणी बघा." त्याच पाण्यात दुसरीकडचा माल चोवीस तासांत भरभरून फुटला. तेव्हा मोठा डबा घेण्याआधी लहान पाकीट मागवून बघा. टरफलं नीट वेगळी करा, पिल्लांच्या पोटात अडकतात. नुसत्या ताज्या आर्टेमियावर वाढवलेली पिल्लं रूपांतराच्या (पारदर्शक पिल्लाचा रंगीत मासा होण्याच्या) सुमारास जरा धक्का बसला तरी आडवी होतात, म्हणून आर्टेमिया मत्स्यतेलाच्या मिश्रणात काही तास ठेवून मगच देतो. अंधारात एकदम ट्यूब लावू नका, हेही त्यासाठीच.

दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पिल्लू तळाकडं येतं, रंग धरतं आणि डोक्यामागं पहिला पांढरा पट्टा उठतो. या पट्ट्यांची वेळ थायरॉइड संप्रेरकांवर ठरते, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनानं दाखवलं. माझ्या काही पिल्लांचे पट्टे अर्धवट राहिले. दुकानदार तोंड वाकडं करतात, पण घरी येणाऱ्या पोरांना नेमकी तीच आवडतात. पट्टा उठेपर्यंत जगलेलं पिल्लू सहसा पुढं जगतं. पहिल्या खेपेतली हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, अलीकडच्या खेपांत निम्म्याच्या आसपास. माझ्या मते सगळा फरक रोटिफरच्या दुसऱ्या बादलीनं पडला.

पैशाचं विचाराल तर धंदा म्हणून हे बेळगावात बसत नाही. इंचभर व्हायला तीन-चार महिने जातात, तोवर मीठ, वीज, आर्टेमिया चालूच. इथं खाऱ्या पाण्याचे गिऱ्हाईक थोडे. दुकानदार रोख कमी देतात, बदल्यात मीठ-खाणं देतात, ते मला चालतं. थोडी कोल्हापूर-हुबळीकडं जातात: पिशवीत एक हिस्सा पाणी, दोन हिस्से ऑक्सिजन, आदल्या दिवशी उपाशी ठेवून, ओळखीच्या माणसाबरोबर. शेजारच्या काकूंचा हिशेब वेगळाच: "एवढा खटाटोप, आणि खायचे पण नाहीत की!"

सुरुवात करणाऱ्यानं जोडी नंतर आणावी, आधी महिनाभर नुसती शैवाल आणि रोटिफरची बादली चालवून बघावी. तेवढ्यात मोठ्या टाकीचं नायट्रोजन चक्रही बसतं, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू तयार होतात, त्यालाही चार ते सहा आठवडे लागतातच. रोटिफर हवे असतील तर माझ्याकडून घेऊन जा, पैसे नकोत. स्वच्छ धुतलेली बाटली आणा. शैवालाची बाटली मात्र वेगळ्या पिशवीतून न्या.