‘मॅडम, हा आवाज नॉर्मल आहे’ : एका गाडीच्या सस्पेन्शनचा आणि सर्व्हिसचा रिव्ह्यू

गाडी चांगली आहे, हे आधीच लिहून टाकते. नाहीतर पुढचं वाचून कुणाला वाटायचं, ही बाई गाडी घेऊन पस्तावली. इंजिनबद्दल तक्रार नाही, ब्रेकबद्दल नाही, सीटबद्दल तर मुळीच नाही. वळणावर गाडी फारशी कलत नाही, वेगात रस्ता घट्ट धरून चालते. तक्रार आहे ती सस्पेन्शनच्या आवाजाची, आणि त्याहून मोठी तक्रार त्या आवाजाला जे उत्तर मिळत गेलं त्याची. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) आणि मागे टॉर्शन बीम (मागच्या दोन चाकांना जोडणारी आडवी तुळई) ही रचना बहुतेक छोट्या गाड्यांत असते. त्यामुळे तुमची गाडी वेगळी असली तरी यातला बराचसा भाग तुम्हाला लागू पडेल.

आवाज असा होता : हळू चालवताना, बारीक खडबडीत रस्त्यावर, पुढून डाव्या बाजूने ‘टक, टक-टक’. वेग वाढला की गायब. आणि गंमत म्हणजे स्पीडब्रेकर सरळ ओलांडला तर चकार शब्द नाही. तोच स्पीडब्रेकर तिरका घेतला, म्हणजे आधी एक चाक चढलं आणि मग दुसरं, की लगेच ‘टक’. मागच्या सीटवरून आई म्हणाली, “अगं, खाली काहीतरी सुटलंय बघ.” आईला गाडीतलं काही कळत नाही, पण कान तिचे तिखट आहेत.

माझं कामच फिरणाऱ्या यंत्रांच्या देखभालीचं. बेअरिंग जायच्या आधी कसं बोलायला लागतं, कपलिंग ढिलं झालं की काय ऐकू येतं, यातच दिवस जातो. त्यामुळे आवाज कधी येतो आणि कधी येत नाही हे नीट लिहून घेऊन मी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला गेले. अ‍ॅडव्हायझरने कागद बाजूला ठेवला आणि म्हणाला, “मॅडम, हा आवाज नॉर्मल आहे. या मॉडेलला असतोच.”

“असतोच म्हणजे? नवी होती तेव्हा नव्हता.”

“काचा वर करून थोडं म्युझिक लावलं ना मॅडम, की जाणवत नाही.”

त्याचा राग आला नाही असं म्हणणार नाही. पण खरा वैताग टेस्ट ड्राइव्हचा. वर्कशॉपसमोर गुळगुळीत रस्ता, तिथून एक फेरी, आणि जॉब कार्डवर नोंद : ‘आवाज आढळला नाही’. आढळणार कसा? जो आवाज एका बाजूचं चाक वर-खाली झाल्यावरच येतो, तो सपाट रस्त्यावर यायचं कारणच नाही. नेमकं हेच मी त्या बाजूला ठेवलेल्या कागदावर लिहिलं होतं.

नंतरच्या खेपेला आवाज ‘आढळला’. मग अंदाजपंचे पार्ट बदलणं सुरू झालं. आधी स्ट्रट माउंट, म्हणजे शॉकअब्सॉर्बरच्या डोक्यावर बसणारं रबर आणि त्यातलं बेअरिंग. आवाज तसाच. मग पुढचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर. आवाज तसाच. काढलेले शॉकअब्सॉर्बर मी मागून घेतले. तसे नेहमी मागून घ्यावेत. डावा हातात धरून बघितला : बाहेरून कोरडा, तेलाचा ओघळ नाही. दांडा दाबला तर सगळीकडे सारख्या जोराने आत गेला, मध्ये कुठे पोकळ लागलं नाही, आणि सोडल्यावर हळूहळू आपला आपण वर आला. आत गॅस भरलेला असतो, चांगल्या शॉकअब्सॉर्बरने असंच वागायला हवं. थोडक्यात, धडधाकट पार्ट काढून टाकला होता.

यांना स्पीडब्रेकरचं कोडं एकदा तरी सुटायला हवं होतं. दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा एक आडवा पोलादी दांडा असतो, अँटी-रोल बार. वळणावर गाडी कलू नये म्हणून तो असतो. दोन्ही चाकं एकदम वर गेली तर तो नुसता आपल्या जागी फिरतो, त्याला पीळ पडत नाही. एकच चाक वर गेलं तर मात्र पीळ बसतो, आणि तो सगळा जोर दोन टोकांच्या लिंक रॉडवर येतो. लिंक रॉड म्हणजे साधारण वीत-दीड वीत लांबीची सळई, दोन्ही टोकांना छोटे बॉल जॉइंट, म्हणजे खोबणीत फिरणारे गोल सांधे, त्यावर रबरी टोपी. टोपीला चीर गेली की आतलं ग्रीस बाहेर येतं, धूळ-पाणी आत जातं, बॉलची खोबण झिजते. मिलीमीटरभराची ढिलाई टकटक करायला पुरते. सरळ स्पीडब्रेकरवर गप्प आणि तिरक्यावर बोलणारी गाडी जवळजवळ बोट दाखवून सांगत असते की लिंक बघा.

ते शेवटी बघितलं एका छोट्या गॅरेजवाल्या काकांनी. त्यांनी माझा कागद वाचला, काही बोलले नाहीत, गाडी रॅम्पवर घेतली आणि दोन्ही लिंक काढून बाजूला ठेवल्या. “आता हळूच एक चक्कर मारून या. वळणावर जरा जास्त कलेल, घाबरू नका.” चक्कर मारली. खडबडीत रस्ता, तिरका स्पीडब्रेकर, सगळं चिडीचूप. परत आले तेव्हा काकांनी डावी लिंक माझ्या हातात दिली. तिचा बॉल जॉइंट बोटाने लुळा पडल्यासारखा हलत होता. नव्या लिंकचा जॉइंट हाताने हलवायला जोर लावावा लागतो. हीच सगळी तपासणी. कसलं महागडं यंत्र नाही, संगणक नाही. पार्ट विकत घेण्याआधी संशयित पार्ट काढून बघायचा, बस. (लिंक काढून रोज गाडी चालवायची नाही, हे सांगायला नको.)

इथे थांबले असते तर हा रिव्ह्यू फक्त आळशी निदानाबद्दल झाला असता. पण पुढे लोअर आर्मच्या बुशचं, म्हणजे चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या हाताच्या सांध्यातल्या रबराचं प्रकरण झालं, आणि ते मला जास्त गंभीर वाटतं.

सकाळच्या गारव्यात गाडी काढली की पुढून करकर यायची, बिजागरी करकरते तशी. रबराचा संशय असेल तर एक सोपा उपाय आहे : बुशवर साध्या पाण्याचा फवारा मारायचा. आवाज थोडा वेळ थांबला तर रबरच. पेट्रोलियमवाला गंज-स्प्रे मात्र मारू नका. त्या तेलाने नैसर्गिक रबर फुगतं आणि मऊ पडतं. तर पाणी मारल्यावर करकर थांबली, बुश चिरलेला दिसला, सर्व्हिस सेंटरने तो बदलला. इथवर ठीक. पण नवा बुशही लवकरच चिरला. “रस्ते खराब,” अ‍ॅडव्हायझर म्हणाला. रस्ते तेच होते, ज्यांच्यावर कंपनीतून आलेला मूळ बुश कितीतरी जास्त टिकला होता.

दुसऱ्यांदा काम चाललं असताना मी वेटिंग रूमच्या काचेतून बघत उभी राहिले. गाडी लिफ्टवर, चाकं हवेत लोंबकळलेली, आणि पोरगा इम्पॅक्ट गनने बुशचा बोल्ट टर्रकन पूर्ण आवळून मोकळा. कारण सापडलं.

हे जरा नीट सांगते, कारण बहुतेक मालकांना ते माहीत नसतं आणि बऱ्याच मेकॅनिकना माहीत असून घाई असते. अशा बुशमधलं रबर बाहेरच्या आणि आतल्या, दोन्ही धातूच्या नळ्यांना चिकटवलेलं असतं. ते सरकत नाही, पिळलं जातं. बोल्ट आवळला की आतली नळी बॉडीला जखडली जाते. चाक हवेत लोंबत असताना ती जखडली, तर रबराच्या लेखी तीच ‘आरामाची’ जागा ठरते. मग गाडी खाली उतरते, वजन येतं, आर्म वर जातो, आणि रबर उभ्या गाडीतसुद्धा कायमचं पिळलेलं राहतं. वरून खड्डे. ते लवकर फाटणार नाही तर काय होईल? म्हणून असे बोल्ट आधी हलके लावायचे, गाडीचं वजन चाकांवर घ्यायचं आणि मग ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे नेमून दिलेल्या जोराला, आवळायचे. गाड्यांच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये हे सांगितलेलं असतं. फोरमनला मी विचारलं तर म्हणाला, “मॅडम, आम्ही रोज करतो हे काम.” रोज करता, म्हणूनच तर विचारतेय, असं तोंडावर आलं होतं. शेवटी त्याने बोल्ट ढिले करून, गाडी चाकांवर उभी राहील अशा रॅम्पवर घेऊन, टॉर्क रेंचने परत आवळले. फार तर चहा गार होईल एवढा वेळ लागला. तो बुश अजून शाबूत आहे.

आता सर्व्हिसवाल्यांची बाजूही मांडते, नाहीतर अन्याय होईल. रबर झिजतं, तो गाडीचा दोष नव्हे. मूळ मापापेक्षा मोठी रिम आणि पातळ कडेचे टायर लावून मग ‘सस्पेन्शन कडक झालं, आवाज येतो’ म्हणत येणारे मालक मी डोळ्यांनी पाहिलेत. टायरची कडच जो धक्का गिळायची तो आता थेट बुशवर जातो, त्याला कंपनी काय करणार? आणि काही आवाज खरंच निरुपद्रवी असतात. इलेक्ट्रिक गाडीवाल्यांच्या तक्रारी जास्त ऐकू येतात त्याचंही एक कारण हेच की इंजिनाचा आवाज नाही, म्हणून खालचं सगळं स्पष्ट कानावर पडतं. पण त्या गाड्या बॅटरीमुळे जडही असतात, म्हणजे बुश आणि जॉइंटवर भारही जास्त येतो. तेव्हा ‘तुमचे भास आहेत’ हे उत्तर तिथेही चालणार नाही.

एअर सस्पेन्शनवाल्यांचं, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे असलेल्या गाड्यांचं दुखणं वेगळंच. रबरी फुग्याला बारीक चीर जाते, रात्रभरात गाडीचा एक कोपरा बसतो. गळती भरून काढायला हवा भरणारा कंप्रेसर गरजेपेक्षा जास्त चालतो आणि जळतो. गॅरेजवाला कंप्रेसर बदलून देतो, फुगा तसाच. मग नवा कंप्रेसरही त्याच वाटेने जातो. पुन्हा तेच, कारण सोडून परिणामाचा पार्ट बदलणं.

‘नॉर्मल आहे’ या उत्तराने माझं डोकं का फिरतं, तर आवाज दर वेळी फक्त कानाचा त्रास नसतो. कॉइल स्प्रिंग बरेचदा खालच्या टोकाच्या वेढ्याशी तुटते. तिथे घासून रंग जातो, गंज धरतो. तुटलेलं टोक टायरमध्ये घुसू शकतं. लोअर आर्मचा बॉल जॉइंट पार निखळला तर चाकच वाकडं होतं. 2021 साली फोर्डने 2013 ते 2017 मॉडेलच्या पावणेआठ लाखांच्या आसपास एक्सप्लोरर एसयूव्ही दुरुस्तीसाठी परत बोलावल्या. मागचा एक जॉइंट जाम होऊन टो लिंक, म्हणजे मागच्या चाकाची दिशा धरून ठेवणारी सळई, तुटण्याचा धोका होता. मालकाला काय जाणवू शकतं, यात गाडीचं विचित्र वागणं आणि मागचं चाक वाकडं दिसणं याबरोबर एक गोष्ट होती : खालून येणारा ठोक्याचा आवाज. तिथे कुणी म्युझिक लावा म्हणालं असतं तर?

वॉरंटीचं म्हणाल तर ‘वेअर अँड टेअर’ (वापराने होणारी झीज) या शब्दांत सगळं बसवतात. ब्रेक पॅड त्यात बसतात, मान्य. बुशही एका मर्यादेनंतर मान्य. पण चुकीच्या पद्धतीने आवळलेला बुश फाटला तर ती झीज कसली? म्हणून आता कुठलंही सस्पेन्शनचं काम असलं की बोल्ट वजनावर आवळले का, हे मी लेखी घेते. तोंडं वाकडी होतात, होऊ देत.

जॉब कार्डवर ‘आवाज येतो’ एवढंच लिहू देत नाही. किती वेगाला, कुठल्या रस्त्यावर, एक चाक चढताना की दोन्ही, गाडी थंड असताना की तापल्यावर. ब्रेकला हलका पाय लावल्यावर आवाज थांबतो का, कारण थांबला तर सस्पेन्शन नंतर, आधी पॅड आणि कॅलिपर बघायचे. उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना ‘टण्’ येतो का, आणि तेव्हा दुसऱ्याने स्प्रिंगवर हात ठेवला तर तिथे झटका लागतो का, कारण तसं असेल तर स्ट्रट माउंटचं बेअरिंग अडकतंय. पुढच्या वेळी टेस्ट ड्राइव्हला मी शेजारी बसले आणि रस्ता मी सांगितला. अ‍ॅडव्हायझरला ते फारसं रुचलं नाही, पण पहिल्याच गल्लीत म्हणाला, “हां, हा होय!”

गाडी विकायचा विचार नाही. चालवायला अजून मजा येते, आणि तुम्ही घेणार असाल तर घ्या. फक्त लिंक आणि बुश या गाडीचे नाजूक आहेत हे धरून चाला. आता मागच्या बीमचे बुश कुरकुरायला लागलेत. ते काकांकडेच करून घेणार. अलाइनमेंटला, म्हणजे चाकांचे कोन जुळवायला, मात्र कंपनीत जाईन, त्यांचं यंत्र चांगलं आहे आणि ते चालवणारा मुलगा मन लावून काम करतो.