परदेशी कॉलेजची व्हॉलीबॉल टीम: एजन्सी घ्यावी की कोचला आपणच मेल टाकावा?

बारावीच्या तोंडावर असलेला, बऱ्यापैकी उंच, स्टेट खेळलेला मुलगा घरात असेल आणि अमेरिकेतल्या कॉलेज टीमचं डोक्यात घेतलं असेल, तर सगळी चर्चा फिरून फिरून एकाच ठिकाणी येते. रिक्रूटिंग एजन्सीला पैसे भरायचे की कोच लोकांना आपणच मेल टाकायचे. आम्ही दोन्ही केलंय, आधी एजन्सी आणि नंतर स्वतः, आणि मुलगा सध्या मिडवेस्टमधल्या एका लहान एनएआयए (एनसीएएहून वेगळी, मुख्यतः लहान कॉलेजांची खेळ संघटना) कॉलेजात सेटर म्हणजे स्मॅशसाठी बॉल उचलून देणारा म्हणून खेळतोय. त्यामुळे जे लिहितोय ते एका घरच्या अनुभवावरून, तुमचं गणित वेगळं असू शकतं हे धरूनच वाचा.

एनसीएए ही तिकडच्या कॉलेज खेळांची मुख्य संघटना आणि डिव्हिजन वन-टू-थ्री हे तिचे स्तर, एवढं आधी सांगून ठेवतो. पण पुरुषांच्या व्हॉलीबॉलचं एक लक्षात घ्या, हा खेळ तिकडे मुलींचा मोठा आहे, मुलांचा नाही. मुलींच्या डिव्हिजन वनमध्ये तीनशेच्या वर टीम आहेत, मुलांच्या तीसच्या आत-बाहेर. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यापासून कॉलेजांना मुलामुलींच्या संधींचा तोल राखावा लागतो, अमेरिकन फुटबॉलमध्येच मुलांच्या एवढ्या जागा जातात की मुलांचं व्हॉलीबॉल चालू करायला फार कॉलेजं धजावत नाहीत. आणि स्कॉलरशिप? वर्षानुवर्षं डिव्हिजन वन किंवा टूच्या एका टीमला जास्तीत जास्त साडेचार. साडेचार मुलांना पूर्ण नाही, अख्ख्या टीमला मिळून साडेचार, ती पंधरा-अठरा जणांत तुकडे करून वाटायची. २०२५-२६ पासून, खेळाडूंना पैसे देण्याबद्दलच्या कोर्टातल्या तडजोडीनंतर, त्यात सामील झालेल्या कॉलेजांना ही मर्यादा उरली नाही, त्याऐवजी रोस्टर म्हणजे टीमची यादी १८ जणांची झाली, पण मर्यादा गेली म्हणून पैसा आला असं होत नाही. तेव्हा कुठल्याही एजन्सीच्या माणसाने पहिल्या फोनला "फुल राईड" म्हणजे पूर्ण स्कॉलरशिप हा शब्द काढला की त्याला शांतपणे विचारा, कुठल्या कॉलेजात, कुठल्या बजेटमधून.

आता एजन्सीची बाजू आधी, कारण ती खरंच आहे. कागदपत्रांत ते पक्के असतात. एनसीएएच्या एलिजिबिलिटी सेंटरला, म्हणजे खेळाडूची पात्रता तपासणाऱ्या ऑफिसला, दहावी-बारावीची मार्कशीट कुठल्या स्वरूपात पाठवायची, एनएआयएचं सेंटर वेगळं असतं, शाळेकडून काय सही-शिक्का लागतो, हे आमच्या एजन्सीतल्या मुलीने फार व्यवस्थित समजावलं आणि त्याबद्दल मी आजही तिचं नाव चांगलंच घेईन. दुसरं म्हणजे एनएआयए आणि डिव्हिजन टूच्या बऱ्याच कोचांशी त्यांची ओळख असते, कोणाला मिडल ब्लॉकर हवाय, कोणाचा लिबेरो पास आऊट होतोय हे त्यांना आपल्या आधी कळतं. घरात कोणाला इंग्रजीत मेल लिहायची सवय नसेल, आईबाबा दोघं नोकरीला, क्लबचे सर नुसतं "बघू बघू" म्हणणारे, तर एजन्सी हा वाईट पर्याय नाहीये. आणखी एक जमात आहे, जी मुलं ज्युनिअर इंडियाच्या कॅम्पला जाऊन आलीत. त्यांच्याकडे दाखवायला मोठं नाव असतं आणि एजन्सी ते नाव चांगलं विकते.

पण व्हिडिओवर आमचं पटलं नाही. त्यांनी जो हायलाईट बनवला तो दिसायला झकास, म्युझिक, स्लो मोशन, पोराभोवती पिवळा गोल. सेटरसाठी त्याचा उपयोग कमी. सेटरचं खरं काम वाईट पासवर दिसतं, बॉल तीन मीटर लाईनच्या मागे पडला की तो कुठे धावतो, कोणाला देतो, बोटांनी सेट करतो की मनगटांवर बंप करतो. नंतर एका कोचने आम्हाला सरळ लिहिलं की एक अख्खा सेट पाठवा, चुकलेल्या बॉलसकट, कॅमेरा एंड लाईनच्या मागे उंचावर ठेवून. आपल्याकडे मॅचचं शूटिंग साईडलाईनच्या खुर्चीवरून होतं, त्यात नेटच्या पलीकडचा ब्लॉक दिसतच नाही आणि सेटरने ब्लॉकर फसवला की नाही हे कोचला कळणार कसं. मग आम्ही गॅलरीच्या कठड्याला मोबाईल बांधून दोन मॅच शूट केल्या, एडिटिंग काही नाही, आणि पुढची सगळी बोलणी त्याच व्हिडिओवर झाली.

तरी व्हिडिओ सुधारता आला असता, फी पण चालली असती. ज्यावरून आमचं ठरलं ती गोष्ट वेगळीच होती आणि कागदावर बघितली तर अगदी किरकोळ वाटेल. एजन्सीच्या प्रोफाईलवर मुलाचा ईमेल आणि फोन नव्हता, त्यांचा होता. म्हणजे कोचने उत्तर दिलं की ते जायचं त्यांच्या रिक्रूटमेंट मॅनेजरकडे, तो आठवड्यात जेव्हा केव्हा बसेल तेव्हा वाचणार, त्याला जे महत्त्वाचं वाटेल ते आमच्या डॅशबोर्डवर टाकणार, आम्ही त्यावर उत्तर लिहायचं आणि ते परत त्याच्याकडून पुढे जाणार. एका कोचने साधं विचारलं होतं, बारावीला किती टक्के अपेक्षित आहेत आणि मुलगा ऑगस्टमध्ये येऊ शकतो की जानेवारीत. हा प्रश्न आमच्यापर्यंत पोचला तेव्हा कितीतरी दिवस उलटून गेलेले. उत्तर दिलं तर कोचचं म्हणणं, सॉरी, आम्ही एक सेटर घेतला. मी तेव्हा फार चिडलो होतो आणि आजही मला ते पटत नाही, कारण इतर पोझिशनला एक जागा गेली तर दुसरी असते, सेटरचं तसं नसतं, टीमला दोन किंवा तीन सेटर पुरतात आणि एकदा घेतला की दोनेक वर्षं त्या कॉलेजचं दार बंद. अशा वेळी आपलं पत्र दुसऱ्याच्या टेबलावर पडून राहतंय ही कल्पनाच मला सहन होईना. एजन्सीला विचारलं तर म्हणाले पॉलिसी आहे. सगळ्या एजन्सी असं करत असतील असं नाही, काही थेट संपर्क देतात असं ऐकलंय, पण सही करायच्या आधी तुम्ही हे विचारलंच पाहिजे.

पैशाबद्दल एक नियम माहीत असू द्या. एनसीएएच्या नियमाप्रमाणे अशा सर्व्हिसला फी देता येते, पण ती फी मुलाला कॉलेजात स्कॉलरशिपसकट बसवण्यावर ठरलेली नसावी. "स्कॉलरशिप मिळाली तर त्यातले इतके टक्के आमचे" असं कोणी म्हणालं तर मुलाच्या पात्रतेवरच गदा येऊ शकते. गोड वाटतो तो सौदा, काम झालं तरच पैसे, पण त्यातून लांब राहा.

स्वतः मेल टाकायचं म्हणजे काय, तर कष्ट आहेत, खोटं कशाला बोला. कॉलेजच्या साईटवर टीमचा रोस्टर असतो, प्रत्येकाची पोझिशन आणि वर्ष लिहिलेलं असतं. त्यावरून बघायचं कुठल्या टीमचा सेटर शेवटच्या वर्षाला आहे, तिथेच लिहायचं. मुलगा संध्याकाळची प्रॅक्टिस करून आला की रोज थोडे रोस्टर बघायचा आणि वहीत नोंद करायचा. मेलचा विषय असा असायचा, "सेटर, ६ फूट ३, ब्लॉक टच १० फूट २, भारत, बारावी पूर्ण अमुक साली, पूर्ण मॅच व्हिडिओ". ब्लॉक टच म्हणजे ब्लॉकसाठी उडी मारून हात किती उंच पोचतो ते. खाली चार ओळी, मार्क, व्हिडिओची लिंक, क्लबच्या सरांचा नंबर. उंची फूट-इंचात लिहा, सेंटिमीटरमध्ये नको, त्यांना डोक्यात रूपांतर करायला लावू नका. आणि त्या कोचची टीम खरंच बघितलीय हे दिसणारं एक वाक्य हवंच, त्याने फार फरक पडला असं मला तरी वाटतं. बरेच मेल हवेत जातात, त्याची तयारी ठेवा. पण जे उत्तर येतं ते थेट मुलाच्या इनबॉक्समध्ये येतं आणि मुलगा स्वतः उत्तर देतो, कोचला तो माणूस म्हणून कळायला लागतो. व्हिडिओ कॉल मात्र आपल्या रात्री असतात, शिकागोच्या दुपारी तीनला आपल्याकडे मध्यरात्र उलटून गेलेली असते, पोराने जांभया देत का होईना पण मनापासून बोलायला हवं.

कोणी म्हणेल युरोपातली मुलं कशी जातात मग. हवाई युनिव्हर्सिटीने २०२१ आणि २०२२ ला लागोपाठ एनसीएएचं विजेतेपद घेतलं तेव्हा सेटर याकोब थेला, नॉर्वेचा. २०२५ ला लाँग बीच स्टेट जिंकलं, सेटर मोनी निकोलोव्ह, बल्गेरियाचा. पण ही मुलं आपल्या देशाच्या ज्युनिअर टीममधून येतात, कोच त्यांना युरोपच्या स्पर्धांत आधीच बघून ठेवतात. आपल्या मुलाला तिकडे कोणी बघितलेलं नसतं, त्यामुळे त्याचं नाव कोणीतरी थेट कोचपर्यंत नेणं भाग असतं आणि ते काम मुलाइतकं मनापासून दुसरं कोण करणार.

कुठे लिहायचं यावर थोडक्यात. डिव्हिजन वनला पाच-दहा मेल हौसेने टाका, पण भार एनएआयए आणि डिव्हिजन टूवर ठेवा, तिथे खेळाची आणि मार्कांची मदत एकत्र करून बऱ्यापैकी रक्कम होते. मार्क चांगले असतील तर डिव्हिजन थ्री सोडू नका, तिथे खेळाची स्कॉलरशिप नसतेच, पण एमआयटी आणि न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीसारख्या टीम त्यात आहेत आणि अभ्यासाच्या जोरावर मदत मिळू शकते. कॅनडाचाही विचार आम्ही केला होता, ट्रिनिटी वेस्टर्न, अल्बर्टा या टीम दणदणीत आहेत, पण यू स्पोर्ट्सची (तिथली युनिव्हर्सिटी खेळांची संघटना) खेळाची मदत शिक्षणाच्या आणि सक्तीच्या फीपुरतीच असते, राहणं-खाणं आपलं, आणि परदेशी मुलांची फीच मुळात जास्त. तिकडे मामा-काका राहत असतील तर गोष्ट वेगळी.

आपल्याकडे एक घोटाळा हमखास होतो आणि त्यावर एजन्सीने पण आम्हाला आपणहून काही सांगितलं नाही. बारावी झाली की मुलं इथल्या कॉलेजला एफवायला नाव घालतात, कारण मग युनिव्हर्सिटीच्या टीममधून ऑल इंडिया खेळता येतं. २०२५-२६ च्या नियमांप्रमाणे, फुल टाइम नाव घातलं की डिव्हिजन वनचं पाच वर्षांचं घड्याळ, म्हणजे खेळायची मुदत, सुरू होतं आणि तुम्ही ट्रान्सफर विद्यार्थी ठरता. नुसता एक वर्ष गॅप घेतला तर त्या नियमात चालायचं, त्यापुढे स्पर्धा खेळत राहिलं की कॉलेजात खेळायचा एक सीझन कापला जाऊ शकायचा. प्राइम व्हॉलीबॉल लीगसारख्या आपल्याकडच्या व्यावसायिक ठिकाणाहून विचारणा आली तर करार करायच्या आधी कोचला विचाराच, तिथल्या पैशांचा मुद्दा पात्रतेत येऊ शकतो. हे नियम सध्या सारखे बदलतायत, म्हणून ज्या वर्षी जाणार त्या वर्षीचे एलिजिबिलिटी सेंटरवर वाचा, कोणाच्या सांगण्यावर राहू नका, माझ्यासुद्धा. आणि तिकडची मुलं आपल्या नावावर जाहिरातीचे पैसे कमावतात ते ऐकून हुरळू नका, एफ-वन म्हणजे विद्यार्थी व्हिसावर ते बहुतेक करून बसतच नाही.

तर मुलगा स्वतः चार ओळी इंग्रजी लिहू शकत असेल आणि घरातलं कोणी त्याच्या मागे बसणारं असेल तर मी स्वतः लिहा असंच म्हणेन. कागदपत्रांपुरती एकदाच फी देऊन कोणाची मदत घ्या, त्यात काही वाईट नाही, आम्हाला आज परत करायचं असतं तर तेवढंच केलं असतं. वेळेचं बघायचं तर मुलांचा सीझन जानेवारी ते मेच्या सुरुवातीपर्यंत असतो, त्यात कोच प्रवासात असतात, आम्हाला उत्तरं आली ती बहुतेक मेच्या मध्यानंतर आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये. पहिल्याच कॉलला विचारून टाका की तुमच्याकडे सेटर किती आणि पुढच्या वर्षी कोण जातंय, सरळ कोच सरळ सांगतो. आणि एजन्सी घ्यायचंच ठरलं असेल तर करारात एवढं लिहून घ्या की प्रोफाईलवर ईमेल आणि फोन मुलाचाच राहील आणि कोचचं प्रत्येक उत्तर त्याच दिवशी जसंच्या तसं तुमच्याकडे येईल. याला कोणी नाही म्हणालं तर दुसरी एजन्सी बघा.