दुसरा राउटर: राउटर म्हणून लावायचा की ॲक्सेस पॉइंट म्हणून?

मोडेमपासून लांबच्या खोल्यांत वायफाय पोचत नाही, म्हणून दुसरा राउटर आणला, केबलही ओढून झाली. आता ती कुठल्या पोर्टात खोचायची, एवढं ठरवायचं आहे. इंटरनेट कंपनीचा डबा बहुतेक वेळा मोडेम आणि राउटर दोन्ही असतो; तोच आपला पहिला राउटर. म्हणजे तुमच्या राउटरने पुन्हा राउटरचंच काम करायचं की नुसतं वायफाय द्यायचं, म्हणजे ॲक्सेस पॉइंट व्हायचं, असा हा प्रश्न आहे.

पहिला मार्ग, म्हणजे राउटर म्हणून लावणं, सोपा. डब्याच्या लॅन (घरातल्या उपकरणांच्या) पोर्टातून निघालेली केबल दुसऱ्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टात लावली की काम झालं. दुसरा राउटर उपकरणांना स्वतःचे आयपी, म्हणजे नेटवर्कवरचे पत्ते, वाटतो (हे वाटप म्हणजे डीएचसीपी) आणि स्वतःचं नॅट करतो, म्हणजे त्या सगळ्यांना आपल्या एका पत्त्याआडून बाहेर नेतो. फक्त दोन्हींचा लॅन पत्ता १९२.१६८.१.१ असेल, तर दुसऱ्याच्या दोन्ही बाजूंना एकच सबनेट (पत्त्यांचा एकच गट) येतं आणि इंटरनेट चालत नाही. काही राउटर हे ओळखून पत्ता आपोआप बदलतात. नाहीतर दुसऱ्याचा पत्ता १९२.१६८.५०.१ असा काहीतरी करून घ्या.

ॲक्सेस पॉइंटला थोडी जास्त खटपट आहे. सेटिंगमध्ये तसा तयार मोड असेल तर तोच निवडा. नसेल तर हाताने करता येतं, पण क्रम पाळा. लॅपटॉप केबलने फक्त दुसऱ्या राउटरला जोडा. आधी त्याचा लॅन पत्ता १९२.१६८.१.२ करा; हा पत्ता पहिल्या राउटरच्या सबनेटमधला, पण त्याच्या डीएचसीपी वाटपाबाहेरचा हवा. नव्या पत्त्यावर पुन्हा लॉगिन करा, मग डीएचसीपी बंद करा आणि शेवटी केबल लॅन पोर्टातून लॅन पोर्टात लावा. वॅन पोर्ट रिकामा राहतो. डीएचसीपी आधीच बंद केलं तर लॅपटॉपला आयपी मिळेनासा होतो आणि तो हाताने भरत बसावं लागतं.

आता वेगाचं. दुहेरी नॅटमुळे नेट मंदावतं असं बरेच जण सांगतात. ब्राउझिंग, व्हिडिओ, कॉल यांत मला तसा फरक जाणवलेला नाही, त्यामुळे केवळ त्या भीतीने पहिला मार्ग सोडू नये. पोर्ट फॉरवर्डिंग, म्हणजे बाहेरून येणारी जोडणी आतल्या ठरावीक उपकरणाकडे वळवणं, मात्र दोन्ही राउटरांवर करावं लागतं. पण पहिल्या राउटरचा वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशाने सुरू होत असेल, तर कंपनी स्वतःच मध्ये नॅट करते आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंग कुठल्याच मार्गाने चालणार नाही. तिथे हा मुद्दा निकालात निघतो.

माझा कौल ॲक्सेस पॉइंटकडे गेला तो प्रिंटर आणि टीव्हीमुळे. प्रिंटर, कास्टिंग, स्पीकर ही मंडळी एकमेकांना मल्टिकास्टने, म्हणजे एकाच वेळी अनेकांना दिलेल्या हाकेने, शोधतात आणि तो संदेश सबनेटबाहेर जात नाही. प्रिंटर पहिल्या राउटरवर आणि लॅपटॉप दुसऱ्यावर असेल, तर आयपी टाकून छापता येतं, पण यादीत प्रिंटर दिसत नाही. उलट प्रिंटर दुसऱ्यावर आणि फोन पहिल्यावर असेल, तर पोर्ट फॉरवर्ड केल्याशिवाय पोचताच येत नाही. त्यात फोन तर घरभर फिरतो. एका खोलीत कास्टचं बटण दिसतं, दुसऱ्या खोलीत गायब होतं, आणि दोष टीव्हीच्या माथी जातो. यावर उपाय म्हणून दोन्हींना एकच नाव आणि पासवर्ड दिला, तर फोन पलीकडे जाताना जुनाच आयपी धरून बसू शकतो. वायफायची खूण पूर्ण, नेट बंद. वेगवेगळी नावं दिली तर तो दूरच्या क्षीण सिग्नलला चिकटून राहतो. ॲक्सेस पॉइंट केला की सबनेट एकच राहतं आणि हा सगळा गुंता उरत नाही. कदाचित तुमच्याकडे प्रिंटर नसेल, टीव्ही केबलवर असेल. मग पहिल्या मार्गानेही निभावेल.

पहिला मार्ग मुद्दाम निवडावा असं एक कारण आहे: नेटवर्क वेगळं ठेवणं. इथे दिशा बरेचदा उलटी लावली जाते. आतल्या, म्हणजे दुसऱ्या राउटरवरून बाहेरच्या राउटरवरची उपकरणं गाठता येतात. बाहेरून आत येता येत नाही. म्हणून ऑफिसचे संगणक आतल्या राउटरवर आणि पाहुण्यांचं वायफाय बाहेरच्यावर हवं. पाहुण्यांना आतल्यावर बसवलं तर सगळं त्यांच्यापुढे उघडं राहतं.

तुमचा राउटर कंपनीच्या डब्यापेक्षा चांगला असेल तर डबा ब्रिज मोडमध्ये (नुसतं मोडेम म्हणून) टाकून नॅट, डीएचसीपी सगळं आपल्या राउटरकडे घेणंही उत्तम. त्याआधी पीपीपीओईचं (कंपनीच्या इंटरनेट लॉगिनचं) युजरनेम, पासवर्ड आणि लागत असल्यास व्हीलॅन आयडी (जोडणीसाठी राउटरमध्ये भरायचा क्रमांक) कंपनीकडून लिहून घ्या. डब्याचं वायफाय सहसा बंद होतं, आणि त्यावर लँडलाइन असेल तर ती चालू राहील का तेही विचारा. केबल ओढणं शक्यच नसेल तर रिपीटर, म्हणजे वायफाय ऐकून तेच पुढे पाठवणारं उपकरण. एकाच रेडिओवर ऐकणं आणि बोलणं दोन्ही असल्याने वेग साधारण निम्म्यावर येतो.

ॲक्सेस पॉइंटकडे वळलात तर दोन्हीकडे नाव, पासवर्ड आणि सुरक्षा प्रकार सारखे ठेवा, पण २.४ गिगाहर्ट्झवर चॅनेल वेगळे: १, ६, ११ यांपैकी. केबलच्या आठही तारा टोकाच्या प्लगमध्ये नीट क्रिंप झालेल्या (दाबून बसवलेल्या) हव्यात. चारच लागल्या तर जोडणी १०० एमबीपीएसवर अडकते. दोन राउटरांमध्ये जास्तीची केबल चुकूनही लावू नका, लूप होऊन सगळं नेटवर्क ठप्प होतं. तयार मोड वापरल्यावर राउटरचं जुनं सेटिंग पान उघडत नाही, कारण आता त्याला पत्ता पहिला राउटर देतो. पहिल्याच्या जोडलेल्या उपकरणांच्या यादीत तो सापडतो. तिथेच तो पत्ता राखीव करून टाका. आणि ॲक्सेस पॉइंटवरचं गेस्ट नेटवर्क लावल्यावर त्यातून प्रिंटरचा आयपी उघडतो का ते तपासा. बऱ्याच राउटरांत या मोडमध्ये गेस्ट वेगळं राहत नाही. तसं असेल तर पाहुण्यांसाठी पहिल्या राउटरचंच गेस्ट वायफाय चालू ठेवा.